मोटारीतून बोटुकली आणताना घ्यावयाची काळजी

कटला, रोहू आणि मृगळ या माशांचे प्रजनन पावसाळ्यात होत असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये शेततळ्यांसाठी बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्ले, मिळू लागते, आणि अनेक शेतकरी ती दूरच्या केंद्रावरून स्वतःच्या मोटारीने आणतात. वाटेत मासे मेले की प्राणवायू कमी पडला असे आपण धरून चालतो. परंतु पाण्यात साठणारा अमोनिया आणि वाढलेली उष्णता यांकडेही तितकेच लक्ष हवे.

पोट भरलेले मासे पाण्यात जास्त अमोनिया सोडतात, म्हणून खरी तयारी आदल्या दिवशीची आहे. बीज, म्हणजे ही पिल्ले, चोवीस तास हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) उपाशी ठेवले होते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. बीज भरलेली प्लॅस्टिकची पिशवी उजेडात धरून पाहावी. पोट भरलेल्या माशांच्या मागे विष्ठेचे बारीक दोरे लोंबताना दिसतात. असे बीज लांबच्या प्रवासाला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिशवी दुहेरी असावी, तिच्यात एक तृतीयांश पाणी व उरलेल्या जागेत प्राणवायू असावा, आणि तळाचे कोपरे बांधलेले असावेत, कारण मोकळ्या कोपऱ्यात लहान मासे अडकून चेंगरतात. डिकीच्या तापलेल्या पत्र्यावर पिशव्या थेट न ठेवता खाली थर्माकोल किंवा ओले गोणपाट अंथरावे. शक्यतो रात्री निघावे. चहासाठी थांबल्यास गाडी काचा लावून उन्हात उभी करू नये. बर्फ वापरायचाच असेल तर तो पिशवीत न टाकता वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून पिशव्यांच्या मधोमध ठेवावा.

वाटेत पिशवी उघडून पाहण्याचा मोह टाळावा. बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू (पीएच) उतरलेला असतो आणि त्यामुळे अमोनियाचा विषारीपणा दबलेला राहतो. पिशवी उघडताच हा वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया माशांना घातक ठरतो.

तळ्यावर पोहोचल्यावर बंद पिशव्या पंधरा ते वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवाव्यात. मागील हंगामात घाईने मी चार पिशव्या थेट तळ्यात रिकाम्या केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला पांढरी पोटे वर करून तरंगणारी बोटुकली वेचताना फार वाईट वाटले. तापमान जुळल्यावर पिशवी उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे, मग पिशवी आडवी धरावी आणि मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत. सोडण्याचे काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावे.