सिम्युलेशन चालवणारा देव ठरतो का, हे कसं तपासायचं

सिम्युलेशन लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आग लागली तर गर्दी कुठल्या दाराशी तुंबेल, हे मी स्क्रीनवर चालवून बघतो. त्यामुळे ‘आपलं विश्वच सिम्युलेशन असेल, तर ते चालवणारा देवच ना?’ हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. लगेच हो किंवा नाही म्हणू नका. तपासायची रीत आहे.

आपण खरंच सिम्युलेशनमध्ये आहोत का, हा वाद आधी बाजूला ठेवा. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २००३ साली तो युक्तिवाद मांडला, त्यावर रात्र जागवता येते. इथे ‘आहोत’ असं धरून चाला.

मग समोरच्याला देव म्हणजे काय अभिप्रेत आहे, ते वदवून घ्या. साधारण पाच गोष्टी निघतात: कर्ता, सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, स्वयंभू आणि भक्तीला पात्र. एकेक सुटी तपासा, कारण बहुतेक जण पहिली सिद्ध झाली की उरलेल्या चार फुकटात पदरात पाडून घेतात.

कर्तेपण देऊन टाका, त्यात कंजुषी नको. फक्त कोणत्या जातीचा कर्ता, ते विचारा. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, ईश्वर कुंभारासारखा आहे: परमाणू आधीपासून आहेतच, तो त्यांना आकार देतो. अद्वैत वेदान्तात ब्रह्म घडवणारंही आणि ज्यातून घडतं तेही. आमचा प्रोग्रामर फार तर पहिल्या प्रकारात बसतो. यंत्र, वीज, गणित हे सगळं त्याला आयतं मिळालेलं असतं.

सर्वज्ञतेसाठी चौकटीचा कागद घ्या. गणितज्ञ जॉन कॉन्वे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ हा चौकटींवरचा खेळ १९७० साली प्रसिद्ध झाला. भरलेलं घर जिवंत, रिकामं मेलेलं. प्रत्येक घराला आठ शेजारी. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ते टिकतं, नाहीतर मरतं. मेलेल्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी मिळाले की ते जिवंत होतं. आता कागदाच्या मधोमध तीन बाय तीन घरं धरा: पहिल्या ओळीत मधलं घर भरा, दुसरीत उजवं, तिसरीत तिन्ही. नियम सगळ्या घरांना एकदम, असा चार वेळा लावा. तीच आकृती एक घर उजवीकडे, एक घर खाली सरकलेली दिसेल. हिला ग्लायडर म्हणतात. गंमत अशी की प्रोग्राममध्ये ‘ग्लायडर’ कुठेही लिहिलेला नसतो, तिथे फक्त शून्य आणि एक. म्हणजे चालवणाऱ्याकडे प्रत्येक घराची नोंद असली, तरी आत काय जन्माला आलंय हे त्याला कळलेलं असेलच असं नाही. तुमच्या मेंदूतल्या सगळ्या कणांची यादी जवळ असणं वेगळं आणि तुमचं दुःख समजणं वेगळं.

भविष्याचं तर आणखी अवघड. या खेळात एखादी मांडणी शेवटी नष्ट होईल का, हे प्रत्येक वेळी सांगू शकेल अशी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. हे सिद्ध झालेलं आहे. यावर हुशार माणूस म्हणेल, ‘तो एक प्रत काढून पुढे पळवून बघेल.’ बघेल की! पण त्या प्रतीतली माणसंही तितकीच जिवंत. पूर येईल का हे बघायला त्याला कुणाला तरी खरोखर बुडवावं लागेल. मला हा मुद्दा सगळ्यात बोचतो.

सर्वशक्तिमत्तेवर वेळ घालवू नका. तो नियम मोडू शकतो, घड्याळ थांबवू शकतो, आपल्याला पत्ताही लागणार नाही. पण ही सत्ता फक्त आतल्यांवर चालते. स्वयंभूपणाचा निकाल तर बोस्ट्रॉमनीच लावलाय: चालवणारेही कुणाच्या तरी सिम्युलेशनमध्ये असू शकतात, म्हणजे वरच्यांच्या मर्जीवर. ज्याची वीज दुसऱ्याच्या हातात, तो कसला स्वयंभू?

भक्तीचा प्रश्न मात्र सावकाश घ्या. जगात इतकी विषमता आणि क्रौर्य का, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांनीही, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथानेही, (२.१.३४) विचारात घेतला. उत्तर असं की ईश्वर प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो. मग सगळ्यात पहिलं कर्म कुठून आलं? पुढचंच सूत्र सांगतं की संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाहीच. पटो न पटो, मांडणी चिरेबंद आहे. आमच्या प्रोग्रामरला ही पळवाट नाही. त्याच्या विश्वाला पहिली फ्रेम, म्हणजे सुरुवातीची मांडणी, असते आणि ती त्यानेच भरलेली असते. आतल्यांची पूर्वकर्मं पुढे करायची तर तीही त्यालाच लिहावी लागतील.

म्हणून माझा निकाल: कर्ता आहे, ईश्वर नाही. त्याने आपल्याला घडवलं म्हणून आपण त्याचे ऋणी, हे मला उलटं वाटतं. जाणीव असलेले जीव ज्याने विचारपूर्वक निर्माण केले, देणं त्याच्याकडे निघतं. कुणी अडून म्हणालं, ‘पण तो बटण दाबून सगळं संपवेल!’ तर एवढंच विचारा, की ही भक्ती झाली की धाक? आणि गाठ पडलीच, तर हात जोडण्याआधी पहिल्या फ्रेमचा हिशेब मागा.