वायफाय कॅमेरा सारखा ‘ऑफलाइन’ जातोय? राउटरला हात लावण्याआधी वेळा लिहा

डोंबिवलीत आईबाबांच्या दारावर लावलेला वायफाय कॅमेरा मागच्या पावसाळ्यात रोज गंडायचा. मी पुण्यात बसून मोबाइलवर फिरणारं चाक बघायचो. बाबांचं निदान तयार होतं, "वरच्या मजल्यावर नवीन नेट घेतलंय ना, त्यांचंच मध्ये येतंय." मी ते ऐकलं आणि रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, मागवला. फरक शून्य. शेवटी आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, कॅमेरा बिघडल्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली. आठवडाभरात कळलं की दुखणी दोन आहेत. संध्याकाळी अंधार पडला की कॅमेरा पूर्ण बंद होऊन परत चालू व्हायचा. सकाळी साडेआठला मात्र तो चालूच असायचा, फक्त चित्र दोन-तीन मिनिटं गोठायचं. वरच्या मजल्याचा दोन्हींशी संबंध नव्हता.

म्हणून पहिलं काम हेच. चार-पाच दिवस वेळ लिहा आणि नेमकं काय झालं तेही लिहा. चित्र अडकलं, चौकोन चौकोन दिसले, की कॅमेरा ‘ऑफलाइन’ गेला? तेव्हा घरात काय चालू होतं? ठरावीक वेळेला होणारा बिघाड बहुतेक वेळा कुठल्यातरी उपकरणाचा असतो. दिवसभर रडतखडत चालणारा कॅमेरा अंतराचा किंवा भिंतींचा बळी असतो. रात्री आठ ते अकरा, म्हणजे सगळी इमारत मोबाइल आणि टीव्हीवर असते तेव्हाच त्रास होत असेल, तर शेजारच्या वायफायवर संशय घ्यायला जागा आहे.

आधी सिग्नल निर्दोष आहे का ते बघा

कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल तर अर्धा निकाल तिथेच लागतो. मोबाइलवर चित्र तुटलं त्याच वेळेचं कार्डावरचं रेकॉर्डिंग काढा. सलग रेकॉर्डिंग लावलेलं असूनही कार्डावर खंड असेल, तर कॅमेऱ्याला वीज नीट मिळत नाही किंवा कॅमेरा आणि कार्ड यांतलं काहीतरी बिघडलंय. कार्डावर सगळं स्वच्छ असेल, तर गडबड वाटेत आहे.

आमच्याकडे संध्याकाळचा खंड कार्डावरही होता. अंधार पडला की कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो आणि जास्त करंट ओढतो. बाबांनी त्याला जुन्या मोबाइलचा १ अँपिअरचा चार्जर जोडला होता, वर तीन मीटरची बारीक यूएसबी वायर. एवढ्या वायरीत व्होल्टेज पडतं, दिवे लागले की कॅमेरा मान टाकतो. कॅमेऱ्याच्या लेबलवर ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलंय तर तेवढाच अ‍ॅडॅप्टर लावा, आणि वायर लहान ठेवा. लांबवायचीच असेल तर २३० व्होल्टची बाजू लांबवा, म्हणजे प्लग पॉइंट कॅमेऱ्याजवळ न्या. ‘सिग्नल जातो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आता आधी अ‍ॅडॅप्टर दाखवायला सांगतो.

दुसरी खातरजमा सोपी आहे. घरच्या वायफायवर असताना कॅमेरा बघा, मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. घरात चित्र छान आणि बाहेरून तुटक दिसत असेल, तर इंटरनेटचा अपलोड कमी पडतोय. १०८०पीचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएस अपलोड खातो, चार कॅमेरे म्हणजे आठ. कॅमेऱ्यात एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून पाठवायची पद्धत) चा पर्याय असेल तर तो निवडा, मागणी बरीच खाली येते.

आकडा बघा

कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये ‘डिव्हाइस इन्फो’सारख्या पानावर बऱ्याचदा सिग्नलचा आकडा असतो. नसेल तर अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप घ्या आणि मोबाइल अगदी कॅमेऱ्याला चिकटवून धरा. आकडा उणे असतो, जितका शून्याच्या जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओसाठी उणे ६७ पर्यंत ठीक. उणे ७५ च्या पलीकडे कॅमेरा टिकून राहील अशी अपेक्षा धरू नका. दर १० ने आकडा घसरला की सिग्नलची ताकद एक दशांश होते, त्यामुळे ६५ आणि ७५ मधला फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही.

आकडा चांगला आणि तरी चित्र तुटतंय? मग मध्ये कोणीतरी गोंगाट करतंय. आकडाच वाईट असेल तर चॅनेल (राउटर ज्या गल्लीतून बोलतो ती) वगैरे सोडा आणि थेट राउटरच्या जागेकडे वळा.

गोंगाट करणारा पकडा

बाजारातले बहुसंख्य स्वस्त कॅमेरे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही, २.४५ गिगाहर्ट्झवर. ओव्हनच्या पोटात सात-आठशे वॉट असतात आणि राउटर जेमतेम एक दशांश वॉट सोडतो. दारातून जी किंचित गळती होते तिने माणसाला काही होत नाही, पण वायफायचा आवाज दाबायला ती पुरते.

याची चाचणी स्वयंपाकघरातच होते. एका माणसाने मोबाइलवर कॅमेरा लाइव्ह उघडून बसायचं, दुसऱ्याने कपभर पाणी दोन मिनिटं ओव्हनमध्ये फिरवायचं. मी हे फोनवर आईकडून करून घेतलं. "लावला" म्हणाली आणि चार सेकंदांत दारासमोरच्या काकू एक पाय उचललेल्या अवस्थेत थिजल्या. ओव्हन थांबल्याची टिंग ऐकू आली, आणि काकू एकदम जिन्याच्या टोकाला. साडेआठ म्हणजे बाबांच्या दुसऱ्या चहाची वेळ, गार झालेला कप ते ओव्हनमध्ये ठेवतात. राउटर हॉलमध्ये, कॅमेरा दारावर आणि ओव्हन बरोब्बर दोघांच्या मधल्या रेषेत. ओव्हन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवला आणि ते दुखणं संपलं.

राउटरला किंवा त्याच्याशेजारच्या टीव्हीला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल तर तीही काढून बघा, तिच्या वायरीतून २.४ च्या आसपास गोंगाट होतो. साध्या वायरलेस डोअरबेलला मात्र उगाच दोष देऊ नका, त्या बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात.

चॅनेल बदलताना

सोसायटीत वीस-पंचवीस वायफाय दिसणं आता रोजचंच. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो आणि पासवर्ड राउटरच्या बुडाशी स्टिकरवर असतो, पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. टाइप करताना आकडे इंग्रजी घ्या. २.४ गिगाहर्ट्झच्या सेटिंगमध्ये दोन बदल करायचे: चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा, आणि रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ.

अ‍ॅपमध्ये ३ नंबर रिकामा दिसतो म्हणून तो घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात, रांग लावल्यासारखे. ३ वर बसलात तर १ वाले आणि ६ वाले दोघेही तुमच्यावर सांडतात, आणि अर्धवट ऐकू येणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही. १२ आणि १३ हे चॅनेल भारतात चालतात, पण काही कॅमेऱ्यांना ते दिसतच नाहीत. राउटर आपणहून १३ वर गेला की कॅमेरा गायब, आणि घरच्यांना वाटतं भूत आहे.

राउटरवर ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा असेल तर त्याला वेगळं नाव द्या आणि मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही सगळे तिकडे हलवा. २.४ कॅमेऱ्यांसाठी मोकळा ठेवा. माझ्या अनुभवात चॅनेलपेक्षा याचाच फरक जास्त पडतो.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस थांबा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जागा आणि भिंती

राउटर टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये किंवा लोखंडी कपाटावर ठेवण्याची आपली पद्धत वाईट आहे. त्याला उघड्यावर, खांद्याच्या उंचीला आणा. सळया घातलेला आरसीसीचा कॉलम, मोठा आरसा, पाण्याची टाकी, लोखंडी सेफ्टी डोअर हे खरे अडथळे. दाराबाहेरचा कॅमेरा सेफ्टी डोअरच्या आड येत असेल तर तो हातभर बाजूला घेतल्यानेही आकडा पाच-सहाने सुधारलेला मी पाहिलाय. कोकणात चिऱ्याच्या जाड भिंती आणि अंगणातली ओली झाडं यांतून गोठ्यापर्यंत सिग्नल जात नाही, आणि पावसाळ्यात तर आणखी नाही.

अँटेनाच्या टोकातून सिग्नल सुटत नाही. उभ्या अँटेनाभोवती तो आडव्या ठेवलेल्या मेदूवड्यासारखा पसरतो, अँटेना भोकात उभी. त्यामुळे थेट वर आणि थेट खाली तो सर्वात क्षीण असतो. कॅमेरा वरच्या मजल्यावर असेल तर एक अँटेना आडवी करून बघा.

रिपीटर लावायचाच तर निम्म्या वाटेवर. मी पहिल्यांदा तो कॅमेऱ्याशेजारी लावून घेतला होता. तिथे मेलेला सिग्नल यायचा आणि तोच पुढे जायचा.

नाहीच जमलं तर वायर

कॅमेऱ्याला लॅनचं भोक असेल तर एकदाच कॅट ६ वायर ओढा, १०० मीटरपर्यंत ती बिनबोभाट चालते. पीओई कॅमेरा घेतला तर वीजही त्याच वायरीतून जाते. इलेक्ट्रिशियनला एवढं सांगा की भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं आणि वायर आत शिरण्याआधी भोकाच्या खाली तिला वीतभर झोल द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जाईल, वायरीवरून घरात येणार नाही.