लोकस्ट चालवायचाय? मग थांबू नका

बॅटलटेक या रोबो-युद्धाच्या बोर्डगेममधला लोकस्ट हा युद्ध-रोबो म्हणजे 20 टनांचा दोन पायांचा टोळच, आणि नवीन लोक नेहमी तीच चूक करतात, झाडीमागे उभा करून लेझर मारत बसतात. अरे चिलखत बघा ना! एका पायावर 8 पॉइंट, आत स्ट्रक्चर (सांगाडा) 4, म्हणजे 20 डॅमेजच्या एसी/20 तोफेचा एकच गोळा बसला की पाय गेला.

याची खरी ढाल स्पीड आहे. धावताना हालचालीचे 12 पॉइंट मिळतात, त्यातले दोन वळायला गेले तरी मोकळ्या मैदानात 10 हेक्स (पटावरची षटकोनी घरं) होतात, आणि 10 झाले की समोरच्याला नेम धरायला फाशांवर 4 जास्त लागतात, म्हणजे +4. त्याची गनरी (नेमबाजीचा आकडा, फाशांवर किमान एवढे पडायला हवेत) 4, तो चालत आलाय म्हणून +1, वर तुमचे 4, झाले 9, मध्यम अंतर असेल तर आणखी 2 म्हणजे 11, दोन फाशांवर 11 पाडून दाखव म्हणावं! म्हणून हेक्स मोजून चाला, 9 वर थांबलात तर +3 च मिळतो.

इनिशिएटिव्ह (आधी कोण हलणार याचा फासा) जिंकलात तर लोकस्ट सगळ्यात शेवटी हलवा, सरळ शत्रूच्या पाठीमागे, तिथे चिलखत पातळ असतं. मीडियम लेझर 5 डॅमेज देतो, 3 हेक्सच्या आत असाल तर मशीनगनही चालवा. हरलात तर लांबच राहा, उगाच हिरोगिरी नको.

आणि हो, 1व्ही मॉडेलमध्ये मशीनगनच्या 200 गोळ्या छातीच्या मधोमध आहेत. तिथं चिलखत फुटून त्या गोळ्यांना क्रिटिकल (आतल्या भागावर थेट मार) लागला की खेळ खल्लास, माझा तर दुसऱ्याच टर्नला उडाला होता 😅