फोनवर लॉसलेस गाणी ऐकायची तर काय काय तपासायचं

फोनमध्ये फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता फाईल लहान करणारा फॉरमॅट) फाईल टाकली की लॉसलेस, म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा, ऐकायला मिळतं असं धरून चालू नका, फाईल निघते तिथपासून कानात पोचेपर्यंत मध्ये बऱ्याच गोष्टी असतात आणि त्यातली एक जरी कच्ची निघाली तरी सगळी मेहनत पाण्यात.

आधी फाईलचं बघू. सीडीवरचा आवाज म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते), सेकंदाला १४११ किलोबिट. चार मिनिटांचं गाणं आहे तसं वेव्हमध्ये ठेवलं तर ४२ एमबीच्या आसपास जातं, फ्लॅकमध्ये तेच साधारण २५-३० एमबीत बसतं आणि वाजताना एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. ३२० किलोबिटच्या एमपीथ्रीला साडेनऊ एमबी पुरतात कारण तिच्यात आवाजाचा काही भाग काढूनच टाकलेला असतो, आणि तो गेला की गेला, एमपीथ्रीची फ्लॅक बनवली तर फक्त फाईल फुगते. अशा फुगवलेल्या फ्लॅक फाईली इकडून तिकडे खूप फिरतात, त्यामुळे शंका आली तर कॉम्प्युटरवर स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात फाईल उघडा. गाण्याचा रंगीत आलेख दिसतो, त्यात वरचा भाग १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखा सरळ रेषेत संपत असेल तर ती बहुतेक कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी किलोबिटच्या) एमपीथ्रीवरून आलेली आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा आवाज मुळातच कमी असतो पण तिथे तो हळूहळू विरत जातो, असा कापलेला दिसत नाही. स्वतःच्या सीड्या असतील तर सगळ्यात उत्तम, विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅकवर एक्सएलडी वापरून रिप करा (गाणी फाईल म्हणून कॉम्प्युटरवर उतरवा), म्हणजे फाईल कुठून आली हा प्रश्नच उरत नाही. वेव्हपेक्षा फ्लॅकच ठेवा असं माझं मत, जागा तर वाचतेच पण गायक, अल्बम, कव्हर ही माहिती फाईलमध्येच नीट राहते आणि नावं देवनागरीत लिहिली तरी गडबड होत नाही.

अँड्रॉइडवर पुढचं काम सोपं. केबल लावली की फोन आधी नुसता चार्ज होत बसतो, नोटिफिकेशनमध्ये जाऊन फाईल ट्रान्सफर निवडायचं आणि म्युझिक फोल्डरमध्ये अल्बमचे फोल्डर टाकायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे फाईल जशीच्या तशी पोचते. वाजवायला व्हीएलसी, फूबार २००० किंवा म्युझिकोलेट यातलं काहीही घ्या, तिन्ही फुकट मिळतात.

आयफोनवर जरा वाकडी वाट आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून फाईल्स अ‍ॅपमध्ये फ्लॅक वाजते खरी, पण अ‍ॅपलचं म्युझिक अ‍ॅप ती लायब्ररीत घेत नाही. मग दोन रस्ते. एक, कॉम्प्युटरवर फ्लॅकची एएलएसी म्हणजे अ‍ॅपल लॉसलेस करून घ्या, दोन्ही लॉसलेस असल्यामुळे या बदलात आवाजाचं काहीच जात नाही, फूबार किंवा एक्सएलडीमध्ये पूर्ण अल्बम एका झटक्यात होतो. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, आयफोनवर व्हीएलसी टाका, त्यात वाय-फाय शेअरिंग चालू केलं की एक पत्ता दिसतो, तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाइप करा आणि फाईली ओढून सोडा, दोघं एकाच वाय-फायवर असले की झालं.

आता ब्लूटूथ, खरी गळती इथे आहे. ब्लूटूथवर आवाज पाठवताना फोन तो परत दाबतो आणि ते दाबणं लॉसी असतं, त्यात आवाजाचा काही भाग जातो. या दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. त्यातलं एसबीसी साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातं, एलडॅक जास्तीत जास्त ९९० पर्यंत आणि तेही सिग्नल चांगला असेल तेव्हा, फोन खिशात आणि आजूबाजूला गर्दी असेल तर ते ६६० किंवा ३३० वर उतरतं. आयफोन आपल्या ब्लूटूथ हेडफोनला एसबीसी किंवा एएसी एवढंच देतो. अ‍ॅप्टएक्स लॉसलेस नावाचा प्रकार आहे पण तो फोन आणि हेडफोन दोघांतही असावा लागतो आणि तसे जोड अजून कमीच. अँड्रॉइडवर कुठलं कोडेक चाललंय ते बघायला सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे ब्लूटूथ ऑडिओ कोडेक असं दिसेल, हेडफोन जोडलेला असतानाच बघा. एलडॅक उपलब्ध असेल तर ते निवडा, ऐकायला छान वाटतं, फक्त त्याला लॉसलेस म्हणू नका.

म्हणजे शेवटी वायरच लावावी लागते. फोनला हेडफोनचं भोक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर यूएसबी-सीचा छोटा अ‍ॅडाप्टर लागतो, आणि तो घेताना एक गोष्ट नक्की विचारा की आत डॅक आहे का. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा कानाला ऐकू येणारा आवाज बनवणारी चिप. काही अ‍ॅडाप्टर नुसत्या तारा असतात, ते फोनमधल्या चिपवर अवलंबून राहतात आणि तशी सोय नसलेल्या फोनमध्ये लावले तर आवाजच येत नाही, लोकांना वाटतं अ‍ॅडाप्टर खराब निघाला. डॅकवाला लावूनही फोन गप्प असेल तर सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडायची सोय) बंद आहे का बघा, काही फोनमध्ये ते हाताने चालू करावं लागतं.

अजून एक बारीक गोष्ट, अँड्रॉइड बरेचदा सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र करताना ते ४८ किलोहर्ट्झवर आणतं, म्हणजे ४४.१ ची फाईलही वाटेत बदलते. कानाला हा फरक जाणवणं अवघड आहे पण ज्यांना बिट न बिट तसाच हवाय त्यांनी बाहेरचा डॅक लावून यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो वापरावं, ते अँड्रॉइडचा मिक्सर बाजूला ठेवून थेट डॅकशी बोलतं. त्याला पैसे पडतात.

२४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या फाईलींमागे धावू नका असं मी मनापासून सांगेन. माणसाला ऐकू येतं ते जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि ४४.१ मध्ये ते सगळं मावतं. त्यापेक्षा चांगला हेडफोन घ्या, फरक तिथे लगेच कळतो. खरं तर नीट बनवलेली ३२० ची एमपीथ्री आणि फ्लॅक यातलाही फरक बऱ्याच जणांना सांगता येत नाही. करून बघायचं तर एकाच फ्लॅकवरून एमपीथ्री बनवा, इक्वलायझर आणि डॉल्बीसारखं जे काही चालू असेल ते बंद करा, आणि कुठली कधी लावायची ते दुसऱ्याला ठरवू द्या. व्हॉल्यूम अगदी सारखा ठेवा, कारण जी जरा मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते. फरक नाही कळला तरी फ्लॅक टाकू नका, उद्या कुठलाही नवीन फॉरमॅट आला तरी तिच्यावरून पूर्ण दर्जाची फाईल बनवता येते, एमपीथ्रीवरून ते होणार नाही.

म्हणूनच मूळ कॉपी कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवा आणि फोनमध्ये तिची नक्कल. मेमरी कार्डं न सांगता जातात. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे आवाज बदललाय का ते पडताळायचा आकडा, साठवलेला असतो, फूबारमध्ये फाईलींची तपासणी करायची सोय आहे, वर्षातून एकदा सगळा संग्रह त्यातून काढला की कुठली फाईल बिघडलीये ते लगेच कळतं आणि दुसरी कॉपी शाबूत असतानाच ती बदलून टाकता येते.