वाचलेले पुस्तक वर्गात कसे उतरवावे : खान्देशातील मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांसाठी

मानसशास्त्र, शिक्षण आणि व्यवस्थापन या विषयांवरची लोकप्रिय पुस्तके आपल्याकडचे अनेक शिक्षक आवडीने वाचतात, परंतु पुस्तक संपते आणि वर्ग पूर्वीसारखाच चालू राहतो. हे टाळायचे असेल, तर एका पुस्तकातून एकच कृती उचलावी, आणि तीही अशी की जिच्यासाठी वरिष्ठांची परवानगी किंवा अनुदान लागणार नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहून काढत. कृतीची निवड करताना साधेपणाचे हे माप समोर ठेवावे.

सुरुवात उत्तरपत्रिकांपासून करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. 2002 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ (2011) या पुस्तकात स्वतःच्या तपासणीचा अनुभव सांगितला आहे. एका विद्यार्थ्याची पूर्ण उत्तरपत्रिका सलग तपासताना पहिले उत्तर चांगले निघाले, की पुढच्या संदिग्ध उत्तरालाही आपण उदारपणे गुण देतो, आणि पहिलेच उत्तर फसले असेल तर तेच संदिग्ध वाक्य आपल्याला चूक वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. यावरचा त्यांचा उपाय आपल्या सत्र परीक्षेला जसाच्या तसा लागू पडतो. सर्व मुलांचा फक्त पहिला प्रश्न तपासावा, गुण उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला लिहावेत, गठ्ठ्याचा क्रम बदलावा आणि मगच दुसरा प्रश्न हाती घ्यावा. असे केल्यावर एकाच मुलाचे वेगवेगळ्या प्रश्नांतील गुण पूर्वीपेक्षा अधिक विषम दिसू लागतात आणि तपासणाऱ्याचा आत्मविश्वास थोडा डळमळतो. काहनेमन यांनाही तसेच झाले होते. त्या अस्वस्थतेला घाबरून जुनी पद्धत पुन्हा धरू नये, कारण पूर्वीची एकसारखी गुणपत्रिका बऱ्याच अंशी आपल्या पहिल्या मताची नक्कल होती. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाची प्रमाण मराठी पहिल्याच उत्तरात अडखळते, तेव्हा या पद्धतीचे मोल अधिकच जाणवते.

याच पुस्तकातील दुसरा धडा मुख्याध्यापकांसाठी आहे. इस्रायली हवाई दलातील एका प्रशिक्षकाचे म्हणणे होते की, कौतुक केले की वैमानिकाची पुढची कसरत बिघडते आणि रागावले की सुधारते. काहनेमन यांनी दाखवून दिले की, फार चांगल्या किंवा फार वाईट कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा सरासरीकडे झुकतेच, मग प्रशिक्षक काहीही बोलो. म्हणून एखाद्या वर्गाचा निकाल एका वर्षी घसरला, तर शिक्षकाला नोटीस देण्यापूर्वी मागील तीन-चार वर्षांचे निकाल शेजारी मांडून पाहावेत.

आठवण्याच्या सरावाविषयी पीटर ब्राउन, हेन्री रोडिगर आणि मार्क मॅकडॅनियल यांचे ‘मेक इट स्टिक’ (2014) वाचावे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. वर्गात याचे रूप अगदी साधे असावे: तास सुरू होताना पाटी-वही काढून, पुस्तक बंद ठेवून, मागील आठवड्यातील तीन गोष्टी लिहिण्यास सांगावे आणि त्यांना गुण देऊ नयेत. अक्राणी-अक्कलकुवा भागातील ज्या मुलांच्या घरचे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात, ती परतल्यावर काय टिकले आणि काय सुटले, हे या सरावातून लगेच कळते. मुलाने आधी घरच्या बोलीत सांगितले, तरी ते स्वीकारावे, कारण येथे आठवण तपासायची आहे.

शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांच्या ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ (2009) मधून यादीपेक्षा तिच्यामागची शिस्त घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची शस्त्रक्रिया-यादी आठ शहरांतील रुग्णालयांत वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, आणि ती यादी शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या टप्प्यांवर थांबून मोठ्याने वाचायची होती. पाटणादेवीला किंवा तोरणमाळला सहल निघते तेव्हा बस सुरू होण्यापूर्वी मुलांची मोजणी, औषधपेटी, पालकांचे दूरध्वनी क्रमांक आणि चालकाचा परवाना, असे पाच-सहाच मुद्दे एका शिक्षकाने वाचावेत. एक मुद्दा जरी अपुरा राहिला, तरी नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवकालाही बस थांबवण्याचा अधिकार असावा. तो अधिकार मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर बोलून दाखवावा, अन्यथा कनिष्ठ माणूस गप्प राहतो.

सगळीच गाजलेली पुस्तके सारखी वजनदार नसतात. प्रयत्नाने क्षमता वाढते, असा विचार मांडणारे कॅरोल ड्वेक यांचे ‘माइंडसेट’ (2006) वाचून भिंतीवर सुविचार लावण्याची घाई होते. अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या विचारावर आधारित उपक्रमाचा लाभ मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना झाला, पण तो माफक होता. फलकांऐवजी मुलाने चुकलेले गणित दुरुस्त करून पुन्हा दाखवण्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवावी.

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत यासाठी अर्धा तास पुरतो. एका शिक्षकाने एकाच प्रकरणाचा गाभा सांगावा, उरलेल्यांनी आपापल्या वर्गात काय करणार ते एका वाक्यात लिहून द्यावे, आणि पुढील परिषदेत तोच कागद समोर ठेवून काय जमले ते मुलांच्या वह्यांसह सांगावे. जे जमले नाही ते कारणासह नोंदवहीत लिहावे आणि बंद करावे. पुढचे पुस्तक निवडण्याची जबाबदारी दर वेळी वेगळ्या शाळेकडे द्यावी.