प्रागला एकट्याने उतरताय? पहिल्या दिवशीच्या या चुका टाळा

उन्हाळा लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर प्रागचा सीझन सुरू होतो. कुणाच्या मामेभावाचा मित्र, कुणाच्या ऑफिसातली ज्युनिअर. पाठीवर सॅक, खिशात मोजके पैसे आणि पहिल्याच दिवशी अख्खं शहर उरकायची घाई. मी इथे राहतो एवढाच माझा गुन्हा. मदतीला ना नाही, पण चुका दर वर्षी त्याच, आणि बहुतेक उतरल्यावर पहिल्या काही तासांतल्याच.

आधी पैसे. चेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) आहे, पण इथलं चलन कोरुना आहे. हे माहीत असलेली माणसंही घरून युरोच्या नोटा घेऊन येतात आणि जुन्या शहरात चलन बदलून देणाऱ्या दुकानावर ‘झीरो कमिशन’ची पाटी दिसली की भुलतात. कमिशन नसतंच, सगळं दरात वसूल होतं. पाटीवर ठसठशीत लिहिलेला दर असतो तो त्यांनी युरो विकण्याचा. तुमचे युरो ज्या दराने घेणार, तो कुठेतरी खाली बारीक.

एका मित्राचा धाकटा भाऊ असाच एका खिडकीवर दोनशे युरो देऊन जेमतेम ३,४०० कोरुना घेऊन निघाला. तेव्हा बाहेर एका युरोला २४ च्या वर मिळत होते, म्हणजे १,४०० कोरुनांना चाट. त्याचा फोन आला तो तक्रारीचा नव्हताच. “दादा, प्राग स्वस्त म्हणतात, पण इथे सगळं महागच आहे की!” मी विचारलं, पावती आहे का? होती, चिंगमच्या कागदाला चिकटलेली. २०१९ पासून इथे कायदा आहे: हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, त्याच दुकानात, कारण न सांगता रद्द करता येतो. मात्र सगळी रक्कम परत द्यावी लागते. आणि या पठ्ठ्याने त्यातून त्र्देल्निक खाल्लं होतं! (ते आइस्क्रीम भरलेलं गोड, पोकळ पेस्ट्रीचं प्रकरण ‘प्राचीन बोहेमियन’ म्हणून विकतात. खरं तर ते पर्यटकांसाठी वाढलेलं फॅड आहे.) शेवटी मी ट्रॅम पकडून खिडकीवर पोचलो आणि कमी पडलेले कोरुना भरले. आतल्या बाईंना अचानक इंग्रजी येईनासं झालं. आम्ही पावती आणि नोटा काउंटरवर ठेवून गप्प उभे राहिलो. वाद घालायचा नाही, हलायचंही नाही. दहा मिनिटांत युरो परत मिळाले.

माझी सवय सांगतो. रोख जवळजवळ लागतच नाही, कार्ड सगळीकडे चालतं. लागलीच तर बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधून थोडी काढा. मशीन ‘रुपयांत रूपांतर करू का?’ असं विचारेल, तिथे नाही म्हणा. दुकानातल्या कार्ड मशीनलाही हेच उत्तर. आणि फॉरेक्स कार्डावर फक्त युरो भरून आलात, तर इथे प्रत्येक खर्चावर चलनबदलाचा वेगळा आकार बसू शकतो, निघण्यापूर्वी बँकेला विचारा. रस्त्यात कुणी चांगला दर देतो म्हणाला तर थांबूच नका. हातात दुसऱ्याच देशाच्या जुन्या नोटा पडतात.

दुसरं माझं दुखणं म्हणजे तिकीट. विमानतळावरून ५९ नंबरची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन मेट्रो स्टेशनला जाते, तिथून हिरवी मेट्रो. सोपं आहे. पण मेट्रोला फाटकं नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं तिकीट घेतलं की झालं. नाही झालं. कागदी तिकिटावर पिवळ्या डब्यात शिक्का मारल्याशिवाय ते कोरा कागद आहे. मेट्रोत शिरताना मारायचा, बस-ट्रॅममध्ये चढल्यावर लगेच. ट्रॅममधल्या मशीनवर कार्डाने घेतलेलं तिकीट मात्र शिक्का मारूनच येतं. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, बिल्ला दाखवतात, आणि “मी आजच आलोय” हे त्यांनी तुमच्या आधी पुष्कळांकडून ऐकलेलं असतं. दंड होतो आणि तो रास्तच आहे. ‘एक स्टॉप तर आहे’ म्हणून तिकीटच न घेणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. त्यांचं काटकसरीचं ज्ञान रील्समधून आलेलं असतं.

चाकांची बॅग आणू नका. जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, चाक आणि खांदा यांपैकी एक नक्की जातं.

हॉस्टेलची खोली बहुधा दुपारी मिळते, पण सामान सकाळीच ठेवून घेतात. ठेवा आणि बाहेर पडा. दुपारी तीनला ‘पाचच मिनिटं’ आडवे झालात तर रात्री दोनला टक्क जागे. भारताशी उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक आहे, हिवाळ्यात साडेचारचा.

खाण्याचं: आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी ‘पोलेद्नी मेन्यू’, म्हणजे दुपारच्या जेवणाचा मेन्यू, असलेलं हॉटेल शोधा, जुन्या शहराच्या मुख्य चौकापासून चार गल्ल्या लांब. सूप आणि मुख्य पदार्थ, दोन्ही स्वस्तात. शाकाहारी असाल तर सूपच्या पाण्याचीही चौकशी करा, ते बहुतेकदा मांसाचंच असतं. ‘स्माझेनी सीर’, म्हणजे तळलेलं चीज, सगळीकडे मिळतं. टेबलावर आपणहून ठेवलेले ब्रेड आणि प्रेटझेल फुकट नसतात. नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे, बाटल्या कशाला विकत घेता? जुन्या बिअरहॉलमध्ये ग्लास रिकामा झाला की न मागता पुढचा येतो. नको असेल तर ग्लासवर कोस्टर ठेवा.

१४१० सालचं खगोलीय घड्याळ बघा, जरूर बघा, पण तासाच्या ठोक्याला नको. प्रेषितांच्या मूर्ती क्षणभर फिरतात, सगळी गर्दी फोन वर धरून उभी आणि खिसेकापू कामाला. तासाच्या मध्ये गेलात तर तबकडी शांतपणे वाचता येते. २२ नंबरच्या ट्रॅममध्येही सॅक पुढे घ्या.

भारतीय तीन पिनांचा चार्जर इथे बसत नाही, दोन पिनांचा बहुधा बसतो.

८ मे, २८ सप्टेंबर किंवा २८ ऑक्टोबरच्या सुट्टीला उतरत असाल तर मोठी सुपरमार्केटं कायद्याने बंद असतात. मग कोपऱ्यावरची ‘वेचेर्का’ गाठा. ही छोटी दुकानं बरीचशी व्हिएतनामी कुटुंबं चालवतात. ब्रेड, दही, केळी, इन्स्टंट नूडल्स, पहिल्या रात्रीपुरतं सगळं मिळतं, आणि फोन करायचाच असेल तर मला रात्री दहाच्या आत करा.