अर्धसावलीचा प्लॉट मिळाला असेल तर

लंडनच्या वायव्य उपनगरांत अ‍ॅलॉटमेंटसाठी, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यासाठी, नाव नोंदवलेल्या नव्या मराठी कुटुंबाला पहिल्यांदा जो प्लॉट देऊ केला जातो, तो बहुधा कुंपणालगतचा किंवा एखाद्या जुन्या मोठ्या झाडाशेजारचा असतो. यामागे कोणाचा आकस नसतो. भरपूर उन्हाचे प्लॉट वर्षानुवर्षे त्याच माणसांच्या हाती राहतात, तर सावलीचे प्लॉट लोक एक-दोन हंगामांत कंटाळून सोडतात, म्हणून नव्या माणसापर्यंत तेच पोहोचतात. असा प्लॉट नाकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यात काय पिकेल आणि काय कितीही कष्ट केले तरी पिकणार नाही, हे बी पेरण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

कागदोपत्री बाबी थोडक्यात सांगतो. पूर्ण प्लॉट परंपरेने दहा रॉड, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटर असतो. नोकरी करणाऱ्या माणसाने अर्धाच घ्यावा, आणि पाव मिळत असेल तर तो आनंदाने घ्यावा. 1922 च्या कायद्यातील व्याख्येनुसार ही जमीन मुख्यतः स्वतःच्या कुटुंबापुरता भाजीपाला व फळे पिकवण्यासाठी असते, त्यामुळे तिथे भाजीचा धंदा मांडता येत नाही, तसेच सगळीकडे हिरवळ लावून मुलांसाठी घसरगुंडी उभारणेही चालत नाही. भाडेकरार सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावा.

आता उन्हाविषयी, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. पुण्या-साताऱ्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य माथ्यावर असतो, सावली पायांपाशी गोळा होते आणि रोपांना उन्हापासून वाचवण्यासाठी आपण शेडनेट बांधतो. तिथली ती सवय इथे पूर्ण उलटी करावी लागते. लंडन सुमारे साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यातही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 62 अंशांपलीकडे चढत नाही, 21 मार्चच्या सुमारास तो 40 अंशांच्या आत असतो आणि डिसेंबरात जेमतेम 15 अंशांवर येतो. याचा जमिनीवरचा अर्थ असा, की दहा मीटर उंचीच्या झाडाची दुपारची सावली जूनमध्ये सुमारे पाच मीटर, 21 मार्चच्या सुमारास साडेबारा मीटर आणि डिसेंबरात पस्तीस मीटरांहून अधिक लांब पडते. शिवाय उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, त्यामुळे भिंतीच्या उत्तरेचा जो वाफा दुपारी काळोखा दिसतो, त्याला जूनमध्ये सकाळ-संध्याकाळचे ऊन मिळत असते. एका भेटीत प्लॉट पाहून त्याच्याविषयी मत बनवणे म्हणूनच धोक्याचे आहे. फेब्रुवारीत पाहणीला गेलेल्या माणसाला निष्पर्ण झाड दिसते, फांद्यांतून उजेड येत असतो, आणि तो निर्धास्त होऊन चावी घेतो; मेअखेर त्याच झाडाचे छत्र भरून येते आणि अर्धा प्लॉट झाकला जातो.

यावर उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. मे किंवा जूनमधील एका निरभ्र रविवारी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी सावलीची कड काठ्या रोवून दाखवावी आणि कागदावर उतरवून घ्यावी. उन्हाळ्यात इथली घड्याळे तासभर पुढे असल्याने सूर्य बारा वाजता नव्हे, तर एकच्या सुमारास दक्षिणेला येतो, हे ध्यानात ठेवावे. जिथे रोज सहा तासांहून अधिक थेट ऊन पडते ती तुमची श्रीमंत जागा. जिथे तीन ते सहा तास पडते ती अर्धसावली, आणि हा लेख तिच्यासाठी आहे. तीन तासांपेक्षा कमी उजेडाच्या कोपऱ्यात भाजी लावण्याचा हट्ट धरू नये. कंपोस्टची पेटी, अवजारांची खोपटी, पावसाच्या पाण्याचे पिंप आणि पालापाचोळ्याचा ढीग या चार गोष्टी तिथेच ठेवाव्यात. ज्या झाडाला आपण नावे ठेवतो, त्याचीच पाने शरद ऋतूत जाळीच्या पिंजऱ्यात दाबून ठेवली, तर एक-दोन वर्षांत काळे, भुसभुशीत पानखत हाती येते.

सगळी सावली एकसारखी नसते. भिंतीची किंवा इमारतीची सावली ओलसर असते आणि तिथे गोगलगायींचा सुळसुळाट होतो. झाडाखालची सावली मात्र कोरडी असते, कारण पानांचे छत्र पाऊस अडवते आणि मुळे जमिनीतले पाणी शोषून घेतात. पाऊस पडून गेल्यावरही तिथे बोट खुपसून पाहावे. वरचा थर ओला आणि खालची माती कोरडी ठणठणीत निघते. अशा जागी आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी आणि कंपोस्टचे जाड आच्छादन यांना पर्याय नाही.

यानंतर मनात येणारा विचार मला ठाऊक आहे, आणि तो तिथेच थांबवावा. झाडाला हात लावू नका. प्लॉटवर फांदी आली, ऊन अडले, म्हणून शनिवारी सकाळी करवत घेऊन जाऊ नका. इथे अनेक झाडांना संरक्षणाचा आदेश लागू असतो, आणि नगर परिषदेच्या परवानगीशिवाय त्यांची फांदी तोडणेही गुन्हा ठरू शकतो. आमच्या ओळखीतील एका तरुण जोडप्याने गावाकडच्या सहजतेने ओकच्या दोन फांद्या उतरवल्या. त्यातून पत्रव्यवहार, वकील आणि दंड असे सगळे झाले, आणि शेवटी प्लॉटही गेला. ते दोघेही सुशिक्षित होते, फक्त त्यांनी कोणाला विचारले नाही. झाड संरक्षित नसले तरी ते कोणाचे आहे हे आपल्याला माहीत नसते. साइटच्या प्रतिनिधीला लेखी विचारावे, उत्तराची वाट पाहावी, आणि उत्तर नकारार्थी आले तर झाडासह नांदायला शिकावे. हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो आणि पुढेही सांगत राहीन: झाडाला हात लावू नका.

दुसरा इशारा टोमॅटोबद्दल. आपली मंडळी येताच टोमॅटो, मिरची, वांगी आणि भेंडी यांची रोपे आणतात, भोवती दगडी कडा बांधतात, छायाचित्रे काढतात, आणि सप्टेंबरात हिरव्या टोमॅटोंची चटणी करून प्लॉट सोडतात. भेंडी, दुधी आणि कारली यांना इथे काचघर लागते. टोमॅटोला अर्धसावलीत फळ धरलेच तर ते पिकण्याआधी करपा येतो. फळासाठी ऊन लागते, पानांसाठी कमी चालते, आणि आपल्या स्वयंपाकात पालेभाज्यांचे स्थान पाहता आपण तक्रार करण्याचे कारण नाही.

कोथिंबीर हे याचे उत्तम उदाहरण आहे. इथले जूनमधील दिवस साडेसोळा तासांचे असतात, त्यामुळे उघड्यावरची कोथिंबीर पाहता पाहता फुलोऱ्यावर येते. दुपारनंतर सावली येणाऱ्या वाफ्यात ती अधिक दिवस टिकते. धने रगडून दोन फाकी कराव्यात आणि एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत दर तीन आठवड्यांनी थोडे थोडे पेरावेत. शेपूचेही तसेच. मेथीला माती थोडी उबदार लागते, म्हणून ती मेपासून दाट पेरावी. किराणा दुकानातली मेथी व्यवस्थित उगवते. पालकापेक्षा इथे ज्याला पर्पेच्युअल स्पिनॅच म्हणतात ती जात आणि स्विस चार्ड अधिक भरवशाचे, कारण ते लवकर फुलावर येत नाहीत आणि थंडीतही पाने देतात. बीट, मुळा आणि नवलकोल यांचे कंद सावलीत थोडे लहान राहतात, पण बीट-मुळ्याचा पाला आपण टाकणारे नाही. सॉरेल ही आपल्या चुक्याच्या कुळातील बहुवर्षायू भाजी अर्धसावलीत आनंदाने वाढते आणि अळूच्या फदफद्यात चुक्याची जागा चोख सांभाळते.

झाडाला पालवी फुटण्यापूर्वी, मार्च-एप्रिलमध्ये, जमिनीवर बऱ्यापैकी उजेड येत असतो, आणि अनुभवी माणसे त्याचा फायदा घेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला ब्रॉड बीन हिवाळा सोसून वसंतात झपाट्याने वाढतो आणि जूनमध्ये शेंगा देतो. दाणे सोलून केलेली उसळ वालाच्या डाळिंब्यांची आठवण करून देते. वाटाणाही लवकर पेरावा. रनर बीनचा वेल मुळाशी गारवा आणि शेंड्याला उजेड मागतो, त्यामुळे तो या जागेला मानवतो. फक्त त्याचे मांडव प्लॉटच्या उत्तरेकडे उभारावेत, नाही तर आपणच आपल्या वाफ्यांवर नवी सावली पाडू. त्याचे दाणे कच्चे खाऊ नयेत.

अळूविषयी मात्र सावधगिरी हवी. दुकानातून आणलेला एडोचा, म्हणजे अळूच्याच एका प्रकाराचा, कंद मार्चमध्ये घरात उबेला रुजवून जूनमध्ये मोठ्या कुंडीत ओलसर जागी ठेवला, तर उन्हाळाभर वड्यांपुरती पाने मिळू शकतात. पहिल्या हिमकणांपूर्वी कुंडी घरात घ्यावी. पण इथल्या झुडपांच्या सावलीत वसंतात जी बाणाच्या टोकासारखी, लहान अळूसारखी दिसणारी पाने उगवतात, ती लॉर्ड्स अँड लेडीज नावाची विषारी वनस्पती आहे. ती अळूच्याच कुळातील असल्यामुळे आपल्या डोळ्यांना ओळखीची वाटते, आणि नेमका घात तिथेच होतो. तिला शिजवून पाहू नये. रुबार्बही अर्धसावलीत चांगला येतो आणि त्याचे आंबट देठ आमटीत वापरता येतात, परंतु त्याची पाने विषारी असतात; पाला दिसला की भाजी करायची, हा आपला स्वभाव इथे आवरावा.

ओलसर सावलीचा खरा शत्रू म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, म्हणजे स्लग. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या 2022 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बेकायदेशीर आहेत. कोणी जुनी बाटली प्रेमाने देऊ केली तरी घेऊ नये. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे रोपे घरातल्या खिडकीत चांगली दणकट होईपर्यंत वाढवून मगच लावणे, पाणी संध्याकाळी न देता सकाळी देणे, आणि पावसाळी रात्री विजेरी घेऊन गोगलगायी वेचत फिरणे.

माती इथे बहुतेक ठिकाणी जड चिकण आहे, त्यामुळे वाफसा आल्याशिवाय तिच्यात पाय ठेवू नये. बाइंडवीड या वेलीसारख्या तणाची पांढरी मुळे दिसली तर यंत्राने नांगरू नये. प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. घोड्याची लीद फुकट मिळाली तरी आधी तिच्यात कुंडीभर घेवडा रुजवून पाहावा, कारण गवतावर फवारलेले काही तणनाशक लिदीत टिकून राहते आणि पाने आक्रसतात.

गावाकडचे बियाणे पिशवीत घालून आणू नये. पेरणीचे बी आणायला वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, आणि विमानतळावर ते जप्त झाल्यावर आजीच्या वांग्याची कथा कोणी ऐकून घेत नाही.

शेजारच्या प्लॉटवरील इंग्रज आजोबा तुमच्या वाढलेल्या गवताबद्दल तोंडावर काही बोलणार नाहीत. ते हवामानावर बोलतील, जास्तीची कोबीची रोपे देतील, आणि तरीही अ‍ॅलॉटमेंटच्या समितीची नोटीस येईल. आपली जाहीर फटकळ पद्धत मला अधिक सोपी वाटते, पण राहायचे इथे आहे, म्हणून दर दोन आठवड्यांनी वाटेच्या कडा कापाव्यात. पाहणी करणारे आधी तेच पाहतात. आपले प्लॉट जाण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र ऑगस्टची भारतवारी हे आहे. शाळांना सुट्टी लागते, आपण महिनाभर जातो, आणि नेमक्या त्याच वेळी रनर बीनला रोज शेंगा येत असतात. जाण्यापूर्वी आच्छादन टाकावे, रिकामे वाफे काळ्या कापडाने झाकावेत, समितीला तारखा लेखी कळवाव्यात, आणि शेजाऱ्यांना पाणी घालण्याच्या मोबदल्यात सगळ्या शेंगा तोडून न्यायला सांगावे. शेंगा तोडत राहिल्या तरच वेल पुढे धरतो, आणि परतल्यावर सप्टेंबरचा तोडा तुमच्या वाट्याला येतो.